सिगारची चव कळायला लागावी म्हणून: पुण्यातल्या नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

नवी मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवले. उत्तरं आधीपासून सिगार ओढणाऱ्या सज्ञान माणसांसाठी आहेत. जे ओढत नाहीत त्यांनी निव्वळ चवीच्या कुतूहलापायी सुरुवात करू नये. वासाचे सराव मात्र कुणीही करावेत; त्यांना काडी पेटवावी लागत नाही आणि चहा-कॉफीलाही ते तितकेच लागू पडतात.

सिगारमध्ये कोको, मिरी, चामडं असलं काही घातलेलं असतं का?

नाही. मुद्दाम अर्क लावलेल्या सिगारी मिळतात, पण तो वेगळा प्रकार. हातानं वळलेल्या साध्या सिगारमध्ये तंबाखूचं पान असतं, आणि टोकाला बाहेरचं पान चिकटवायला चिमूटभर बिनवासाचा डिंक. बस.

वास येतात ते पानावर जे घडतं त्यातून. पान आधी महिना-दीड महिना सावलीत टांगून वाळवतात. त्या काळात त्यातल्या पिष्टाची साखर होते, हिरवेपणा जातो. मग पानं ओलसर करून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढीग आतून तापतो, अमोनिया उडून जातो, प्रथिनं आणि रंगद्रव्यं फुटतात. तापमान फार चढलं की ढीग मोडून आतली पानं बाहेर, बाहेरची आत. हे महिनोन् महिने चालतं. पुढे सिगार जळताना साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि भाजलेल्या कॉफीत, कोकोत, शेंगदाण्यात सापडणारी पायराझीनसारखी संयुगं तयार होतात. त्यामुळे कुणी ‘भाजके दाणे’ म्हणालं तर ते हवेतलं बोलणं नव्हे, त्याला रसायनाचा आधार असतो. फुलांच्या, सुक्या फळांच्या वासांचा उगम बराचसा पानातल्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांच्या मोडतोडीत आहे.

माझ्या मेहुण्याला लाकूड, मध, जायफळ सगळं कळतं. मला नुसता धूर का लागतो?

मेहुण्याला खरंच कळतं की पाकिटावरचं वाचून येतो, हे आधी तपासा. (कसं, ते खाली येईल.) पण तुमच्या जिभेत काही खोट नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. आपल्याकडच्या सहा रसांपैकी तिखट आणि तुरट ही खरं तर चव नव्हे. एक झोंबणं आणि दुसरं तोंड आवळणं, म्हणजे स्पर्शाच्या जातीची जाणीव. सिगारमध्ये ही दोन्ही भरपूर असतात. बाकीचं सगळं, म्हणजे ज्याला आपण ऐसपैसपणे ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा वाटा, नाकाचा आहे. माणसाच्या नाकात वासाचे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ मध्ये नोबेल मिळालं.

खात्री करायची तर जेवणानंतरची बडीशेप घ्या. नाक चिमटीत घट्ट धरून चावा. किंचित गोड आणि थोडा लाकडी भुगा, याखेरीज काही लागणार नाही. आता चावता चावताच नाक सोडा. एका क्षणात बडीशेप ‘येते’. ती पुढून नाही आली; घशाच्या मागच्या वाटेनं नाकात चढली. सिगारची चव याच वाटेनं जाते, आणि नवशिक्या माणूस धूर तोंडात भरून तोंडानंच सोडून देतो, म्हणून त्याला धुराशिवाय हाती काही लागत नाही.

आणि तो जिभेचा नकाशा, टोकाला गोड नि मागे कडू, विसरा. शाळेत शिकवला असला तरी तो चुकीचा आहे.

मग धूर नाकातून सोडायचा? जमतच नाही, ठसका लागतो.

सगळा नाही सोडायचा. झुरका घ्या, धूर गालात दोन-तीन सेकंद ठेवा, त्यातला बराचसा तोंडावाटे जाऊ द्या. जो थोडा उरेल तो ओठ मिटून, नुकता घास गिळल्यासारखं करून, अगदी हलक्या उच्छ्वासाबरोबर नाकातून निघू द्या. श्वास आत घ्यायचा नाही. ठसका लागतो तो तिथेच. आधी धुराविना सराव करा: चहाचा घोट घ्या, गिळा आणि तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. चहाचा वास नाकात मागून आला, की वाट सापडली.

प्रत्येक झुरक्याला हे करू नये. नाक लवकर भाजून निघतं, मग उरलेला तासभर मिरीशिवाय काही कळत नाही. चार-पाच झुरक्यांतून एकदा पुरे. सिगार जहाल असेल तर तेही नको.

धूर छातीत घ्यायचा का?

नाही, कधीच नाही.

छातीत घेत नाही, म्हणजे सिगरेटपेक्षा बरी ना?

हा प्रश्न अपेक्षेनं विचारला जातो, म्हणून सरळ सांगतो: निर्धोक अजिबात नाही. सिगारच्या धुरानं तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचे कर्करोग होतात, आणि फुप्फुसाचाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. शिवाय सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं, त्याला छातीपर्यंत जावं लागत नाही. सवय लागते. शेजारी बसलेल्याच्या छातीत धूर जातो तो वेगळाच.

चव शिकण्याच्या दृष्टीनंही कमी ओढणं हाच फायद्याचा मार्ग आहे. रोज ओढणाऱ्याचं नाक बोथट होतं. ज्यांना बारकावे टिपता येतात ती माणसं क्वचित ओढतात आणि एरवी वास घेत हिंडतात, असं आमचं निरीक्षण आहे.

हे वास ओळखायचे शब्द कुठून आणायचे? परदेशी वर्णनांतलं निम्मं मी कधी खाल्लेलंच नाही.

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

परदेशी माणूस त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरातून शब्द आणतो. तुम्ही तुमच्या आजीच्या घरातून आणा. ज्या वासाची आठवण डोक्यात नाही, तो धुरात सापडणार नाही. जास्त सिगारी ओढून काही होत नाही. आठवणींचा साठा वाढवावा लागतो, आणि तो पुण्यात फुकटात वाढतो.

सुरुवात घरच्या मिसळणाच्या डब्यापासून. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी एकेक डबी नाकाखाली धरायला सांगा. जिरं आणि धने तर ओळखाल. सुंठ आणि मिरीपूड यांत गोंधळ होतो का पाहा. दोन्ही झोंबतात, पण सुंठेला मागून एक लिंबासारखी झाक असते. लवंग आणि दालचिनी वेगळी काढता येते का? जायफळ आणि जायपत्री? मग गोडा मसाला. त्यातलं दगडफूल वेगळं घेऊन बोटांत चुरा. कोरडं असताना फारसा वास नसतो. चमचाभर तेलात टाकलं की ओल्या लाकडाचा, मातकट, जंगलातल्या पाचोळ्यासारखा वास सुटतो. जुन्या, मुरलेल्या सिगारींत हाच वास वारंवार भेटतो, आणि त्याला दगडफुलाइतका नेमका शब्द परदेशी वर्णनांत आम्हाला तरी सापडलेला नाही.

नंतर बाहेर पडा. मंडईच्या आसपासच्या मसाल्याच्या आणि काष्ठौषधींच्या दुकानांत ज्येष्ठमध, नागरमोथा, वाळा, सुंठ सुटं मिळतं. दहा-दहा रुपयांचं मागायला लाजू नका. मार्केट यार्डात काळसर गूळ आणि पिवळा गूळ शेजारी शेजारी हुंगून बघा. काळ्यात काकवीची करपट गोडी असते आणि गडद रॅपरच्या, म्हणजे बाहेरच्या गडद पानाच्या, सिगारमध्ये जी गोडी लागते ती बहुतेक याच जातीची. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये करवत चालू असताना उभं राहिलात तर सागवान आणि देवदार यांच्या भुशातला फरक कायमचा कळेल. चामड्यासाठी कोल्हापुरी चपलांचं दुकान आहेच. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना येतो तो पिवळ्या कागदाचा, किंचित व्हॅनिलासारखा वासही धुरात असतो. लोणकढ्या तुपाच्या आणि बिस्किटाच्या जातीचा वास पाहिजे तर कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या रांगेत उभं राहायचं. श्रूजबेरी मिळेल न मिळेल, वास मिळतोच.

बाकी यादी तुमची तुम्ही करा: भाजलेलं सुकं खोबरं, मेतकूट, खजूर, मनुका, चिंचेचा कोळ, ग्लुकोज बिस्किटाचा भुगा, कडबा, पहिल्या पावसानंतरचं अंगण, कोऱ्या कॉफीचा तळ, काडी विझल्यावरचा गंधक. परदेशी मंडळी गोठ्याचा वास असंही लिहितात आणि ते कौतुकानं लिहितात. ज्यांचं बालपण मुळशी-मावळात गेलंय त्यांना तो लगेच कळेल.

पहिल्यांदा कोणती घ्यावी?

मध्यम जाडीची, लहान, सौम्य. जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात: ५० म्हणजे सुमारे २० मिलिमीटर, ४२ म्हणजे साधारण १७. पाच इंची, ५० जाडीची रोबुस्टो सगळीकडे मिळते, पण तासभर चालते. नवख्याला ४२ च्या आसपासची, कोरोना नावाच्या आकाराची आखूड सिगार बरी. पाऊण तासात उरकते, आणि बारीक सिगारमध्ये बाहेरच्या पानाचं प्रमाण जास्त असल्यानं त्याची चव ठळक लागते.

त्या बाहेरच्या पानाकडे, म्हणजे रॅपरकडे, नीट लक्ष द्या. कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढवलेलं फिकट कनेक्टिकट पान मलईदार, गवताळ, देवदाराच्या अंगानं जातं. जास्त काळ आंबवलेलं गडद मादुरो कोको, कॉफी, काकवी दाखवतं. मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातलं पान मातकट आणि गडद. निकाराग्वातल्या एस्तेलीची तंबाखू मिरीसारखी झोंबते, तिथल्याच हालापाची जरा गोडसर. क्यूबाचं सगळं कवतिक पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो या पट्ट्याभोवती फिरतं. हे नकाशे पाठ करायची गरज नाही. एक फिकट आणि एक गडद, दोन वेगळ्या आठवड्यांत ओढून फरक कळला तरी पुष्कळ झालं.

गडद म्हणजे जहाल असं समजू नका. जहालपणा बराचसा आतल्या भरणातून येतो. झाडाच्या शेंड्याकडची पानं, लिखेरो, ऊन खाऊन जाड आणि कडक होतात. मधली सेको सुगंधाची. खालची वोलादो जळायला सोपी. वळणारा या तिघांचं प्रमाण जुळवतो आणि लिखेरो सावकाश जळतं म्हणून मधोमध ठेवतो.

पेटवायच्या आधी काही कळतं का?

बरंच कळतं, आणि घाईत लोक नेमकं हेच सोडतात. रॅपरवर नाक फिरवा: कडबा, चामडं, कधी कोको. मग पेटवायच्या टोकाशी नाक न्या, तिथे भरणाचा वास असतो, बहुधा जास्त गोड, मनुकांसारखा. ओठाकडचं टोक कापलं की न पेटवताच एक झुरका ओढा. हवा तंबाखूतून गाळून येते आणि ओठांवर किंचित खारट-झोंबरं लागतं. हे तिन्ही वास लिहून ठेवा. पेटवल्यावर यातलं काय टिकलं आणि काय उडालं हे पाहण्यात खरी मजा आहे. पेटवण्याआधी अमोनियाचा, म्हणजे केस रंगवायच्या डायसारखा भपकारा आला तर पान अजून कच्चं आहे. काही महिने ठेवून द्या.

कापायची, पेटवायची कशी?

ओठाकडच्या टोकावर चिकटवलेल्या पानाच्या टोपीचा फक्त वरचा पापुद्रा कापा, खांद्याच्या, म्हणजे टोक जिथे वळतं त्याच्या, खाली गेलात तर रॅपर उलगडतं. दातानं तोडू नका, हे सिनेमात ठीक. ब्युटेन लायटर किंवा लाकडी काडी वापरा. काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मगच जवळ न्या. रॉकेलसारख्या इंधनाचा लायटर आणि मेणबत्ती दोन्ही चव नासवतात. ज्योत टोकाला न टेकवता, सिगार फिरवत कडा आधी शेकून घ्या, मग झुरका.

अर्ध्यात कडू होते. सिगार खराब निघाली का?

बहुतेक वेळा तुमची घाई खराब निघाली. भराभर ओढलं की टोक तापतं आणि तापलेल्या टोकाची चव करपलेल्या फोडणीसारखी होते. मिनिटाला फार तर एक झुरका. कडवटपणा आलाच तर तोंडानं सिगारमधून हळूच फुंकर बाहेर मारा, साचलेला धूर निघून जातो, आणि दोन मिनिटं तिला तशीच राहू द्या. राख सारखी झटकू नका, इंचभर राहू दिली तर टोक जरा थंड राहतं.

सुरुवातीला वेगळी आणि शेवटी वेगळी का लागते?

कारण धूर उरलेल्या तंबाखूतून गाळून येतो आणि तेलं, डांबर, निकोटिन मागच्या भागात साचत जातं. म्हणून लोक तिची तीन भागांत नोंद करतात. पहिल्या भागात फक्त एकच प्रश्न विचारा: गोड की तुरट? दुसऱ्या भागात वास शोधा. बहुतेक सिगारी इथे सर्वांत मोकळ्या असतात. तिसरा जड झाला की सोडून द्या. पैसे दिलेत म्हणून बोटं पोळेपर्यंत ओढणं हा काटकसरीचा प्रकार नव्हे.

सोबत काय घ्यावं?

पाणी. खरंच, शिकत असेपर्यंत साधं पाणी. त्याखालोखाल कोरी कॉफी किंवा बिनदुधाचा चहा. आलं-वेलचीचा चहा घेतलात तर प्रत्येक सिगारमध्ये वेलची सापडेल. मिसळ खाऊन येणाऱ्यांनी त्या दिवशी चवीबद्दल मत देऊ नये. पान, सुपारी, मशेरी यांनंतर तर तासनतास जीभ कामातून जाते. पोट रिकामंही नको; साधा वरणभात जेवून अर्ध्या तासानं बसणं उत्तम.

गरगरलं, घाम फुटला, मळमळलं. काय करू?

सिगार खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. हे निकोटिन जास्त झाल्याचं लक्षण आहे आणि बहुधा अर्ध्या-एक तासात ओसरतं. त्या दिवशी पुन्हा पेटवू नका. छातीत दुखलं, धडधड थांबली नाही, तर डॉक्टर गाठा. गुळाच्या खड्यावर भागवू नका.

पुण्याच्या हवेत ठेवायची कशी?

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि पुणं ती वर्षातून फार कमी वेळा आपणहून देतं. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की उघडी सिगार थोड्याच दिवसांत तडकते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिच्यावर बुरशी धरते. महागडी लाकडी पेटी घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ६५ किंवा ६९ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट, एवढ्यावर काम भागतं. डबा आधी मसाल्याचा नसावा, ती हळद कधी जात नाही.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास म्हणजे तंबाखूचा भुंगा. त्याची अंडी पानातच असतात आणि पारा २५ अंशांच्या वर राहिला की फुटायला लागतात. रॅपरला टाचणीनं टोचल्यासारखं भोक आणि खाली बारीक भुगा दिसला की समजा. बाकीच्या सिगारी हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर. फ्रीझरमध्ये काय ठेवलंय ते घरच्यांना आधी सांगा.

आपल्या तिरुचिरापल्लीच्या चिरूटवर शिकता येईल का?

येईल, पण पहिली म्हणून नको. दोन्ही टोकं उघडी, पान जहाल, चव सरळसोट. इंग्रजांच्या काळात ती पार विलायतेला जात असे आणि चर्चिललाही आवडायची. दोन-तीन सौम्य सिगारींनंतर ओढली तर ‘जहाल’ आणि ‘भरदार’ (चवीनं तोंड भरणारी) या दोन गोष्टी वेगळ्या का, हे छान कळतं.

कुठे बसून ओढावी?

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम मनाई करतात. तीस किंवा जास्त आसनांच्या उपाहारगृहात वेगळी धूम्रपानाची जागा असू शकते, विचारून घ्या. अठरा वर्षांखालच्या कुणाला विकणं गुन्हा आहे. टेकडीवर नको: उन्हाळ्यात वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं, आणि पहाटे तिथे माणसं श्वास घ्यायला येतात. स्वतःची गच्ची असेल तर उत्तम. सोसायटीत बाल्कनीत बसणार असाल तर वरच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत आहेत का ते आधी बघा.

मला गूळ लागतो, मित्राला कॉफी. कोण बरोबर?

दोघेही असू शकता. गूळ आणि कॉफी, दोन्हींत भाजून, आटवून आलेले वास आहेत. तुम्ही त्याचं एक टोक पकडलंत, त्यानं दुसरं. काळजी करायची ती दोघांचं शब्दशः जुळलं तर, कारण बहुतेकदा एकानं आधी मोठ्यानं सांगितलेलं असतं. म्हणून ओढताना कुणी बोलायचं नाही, लिहायचं. कागद नंतर उघडायचे.

मेहुण्याची परीक्षाही याच वेळी घ्या. साधारण सारख्या दिसणाऱ्या दोन सिगारींच्या कागदी पट्ट्या काढून ठेवा आणि कुणा तिसऱ्याला त्या दोन वेगळ्या दिवशी द्यायला सांगा. नाव माहीत नसताना जो ‘काहीतरी भाजकं आणि थोडं तुरट, पुढचं कळलं नाही’ एवढंच लिहितो, त्याचं नाक तयार होत आहे. जो पहिल्या झुरक्याला आठ वास सांगतो त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

थोटकाचं काय करायचं?

चिरडू नका, चिरडलेल्या थोटकाचा वास खोलीत दोन दिवस राहतो. राखदाणीत आडवं ठेवा, आपोआप विझतं. मग पाण्याचा हबका मारून कचऱ्यात टाका. सोसायटीच्या कुंड्यांत खोचू नका, तुळशीच्या तर नाहीच.